तांदळाएवढ्या तीन खुणा

माझं वय ६९. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून तेहतीस वर्षं नोकरी केली, बहुतेक सातारा जिल्ह्यातच. गेल्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पीएसए १४.६, बायोप्सीच्या बारा तुकड्यांपैकी पाचांत रोग, ग्लीसन ४+३. स्कॅनमध्ये बाहेर कुठे पसरलेला दिसला नाही. हॉर्मोनचं इंजेक्शन सुरू झालं आणि पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, “काका, वीस दिवस रेडिएशन घ्यायचं. त्याच्या आधी एक छोटी प्रोसिजर आहे. प्रोस्टेटमध्ये सोन्याचे तीन दाणे बसवायचे. पंधरा मिनिटांचं काम.”

पंधरा मिनिटांचं ते काम माझ्या चुकीमुळे दहा दिवस पुढे गेलं. आमच्या कोरेगाव तालुक्यातच गेल्या वर्षभरात तिघा-चौघांना हाच आजार निघाला. ते फोन करतात आणि आवाज खाली आणून विचारतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे. माझ्या डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते माझ्यासाठी होतं, तुमचे डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचंच ऐका.

१. सोनं कशासाठी, ते आधी समजून घ्या.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी गाठ. तिच्यावर लघवीची पिशवी आणि मागे गुदाशय. या दोन्ही जागा दिवसभर भरतात आणि रिकाम्या होतात, त्यामुळे मधली गाठ रोज काही मिलिमीटर इकडेतिकडे सरकते. एक्स-रेमध्ये हाडं स्वच्छ दिसतात, प्रोस्टेट दिसत नाही. सोनं मात्र लख्ख दिसतं, शरीरात गंजत नाही आणि कुणाला त्रास देत नाही. म्हणून गाठीतच तीन दाणे ठेवतात. रोज रेडिएशनच्या टेबलावर झोपवल्यावर आधी फोटो काढतात, दाणे ठरलेल्या जागी आहेत का बघतात, नसले तर टेबल तेवढं सरकवतात आणि मगच मशीन सुरू होतं.

मला हे एका मिनिटात पटलं, कारण माझा धंदाच तो होता. मोजणीला गेलं की पहिलं काम साखळी ओढायचं नसतं, खुणा शोधायचं असतं. जुन्या हद्दीचा दगड, विहिरीचा काठ, बांधाचा कोपरा. एकच दगड सापडला तर जागा कळते, शेत कोणत्या दिशेला फिरलंय ते कळत नाही. तीन सापडले की सगळं कळतं. शिवाय कुणी एखादा दगड हलवला असेल तर उरलेल्या दोघांतलं अंतर टिपणाशी जुळतं आणि तिसऱ्याचं जुळत नाही, म्हणजे चोरी उघडी पडते. डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, अगदी हेच. तीन दाणे असले की गाठ फिरली असेल तर तेही दिसतं आणि एखादा दाणा सरकला असेल तर तोही ओळखू येतो.

दाणा केवढा? माझे तीन मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर जाड होते. तांदळाच्या कणीएवढे.

२. घरच्यांना ‘सोनं’ हा शब्द एकट्याने ऐकू देऊ नका.

घरी येऊन मी हिला सांगितलं, अंगात सोन्याचे दाणे ठेवणार आहेत, कायमचे, परत काढत नाहीत. ही काहीच बोलली नाही. उठून आत गेली आणि त्या रात्री जेवली नाही. दोन दिवसांनी सुनेपाशी बोलली. आमच्याकडे माणूस जायला लागला की तोंडात तुळशीपत्र, गंगाजळ आणि सोन्याचा कण ठेवतात. माझ्या आईच्या वेळी मीच ठेवला होता, आणि तेव्हा ही शेजारी उभी होती. जिवंत माणसाच्या अंगात सोनं ठेवायचं म्हटल्यावर तिला दुसरं काय आठवणार होतं?

पुढच्या भेटीला तिला बरोबर नेलं. डॉक्टरांनी पडद्यावर दुसऱ्या एका पेशंटचा फोटो दाखवला, नाव झाकून. करड्या धुक्यात तीन पांढऱ्या रेघा. म्हणाले, “काकू, हे नेम धरायला आहे. नेम चुकू नये, शेजारची लघवीची पिशवी भाजू नये, म्हणून.” तिने दोनदा विचारलं, यातून किरण बाहेर येतात का, नातू मांडीवर बसला तर चालेल का. चालेल. किरण सोडणाऱ्या बिया हा निराळा उपचार आहे, त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. हे साधं सोनं. नुसतं असतं, करत काही नाही. एमआरआयलाही अडचण नाही, सोन्याला लोहचुंबक ओढत नाही.

मी तिला पहिल्याच दिवशी बरोबर न्यायला हवं होतं. दोन दिवस तिने एकटीने ते ओझं वाहिलं, ही गोष्ट मला अजून लागते.

३. गोळीचं पाकीट उलटं करून वाचा.

सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून सविस्तर सांगतो.

सात वर्षांपूर्वी माझ्या हृदयात एक स्टेंट बसला. तेव्हापासून रात्री जेवणानंतर एक कॅप्सूल. घरात तिला सगळे ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हणतात, मीही तेच म्हणायचो. प्रोसिजरच्या आधी डॉक्टरांच्या सहायकांनी विचारलं, “रक्त पातळ करायची गोळी घेता का?” मी म्हणालो, नाही. शुगरची घेतो, प्रेशरची घेतो, लघवीला धार यावी म्हणून रात्री एक घेतो आणि कोलेस्टेरॉलची घेतो. त्यांनी तसं लिहून घेतलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही हजर. सलाईनची सुई लावायच्या आधी सिस्टरनी गोळ्यांची पिशवी मागितली. त्यांनी एकेक पाकीट उलटं केलं. त्या कॅप्सूलच्या पाकिटावर अंगठा ठेवून थांबल्या आणि मला वाचायला लावलं. बारीक अक्षरं. ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, क्लोपिडोग्रेल ७५ मिलिग्रॅम, आणि तिसरं कोलेस्टेरॉलचं औषध. एकाच कॅप्सूलमध्ये तीन औषधं, त्यातली दोन रक्त गोठू न देणारी. सात वर्षं रोज हातात घेतलेलं पाकीट मी कधी उलटं केलं नव्हतं. आदल्या रात्रीही मी ती घेतली होती.

त्या दिवशी काही झालं नाही, घरी परतलो. मुलाने रजा टाकली होती, ती वाया गेली.

आता यातली दुसरी बाजू, जी पहिलीइतकीच मोठी. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, “आप्पा, आजपासून ती कॅप्सूल बंद करा, आठवड्यानं परत जाऊ.” सरळ वाटतं, पण तसं करायचं नाही. स्टेंट असलेल्या माणसाने ही औषधं आपल्या मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. आम्ही साताऱ्याच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी स्टेंट कधीचा, कसला, सगळं बघितलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: कॅप्सूल बंद, क्लोपिडोग्रेल सात दिवस आधीपासून नाही, ॲस्पिरिन वेगळी गोळी म्हणून चालू, कोलेस्टेरॉलची वेगळी चालू, आणि कॅप्सूल पुन्हा केव्हा सुरू करायची तेही. ती चिठ्ठी पुण्याच्या डॉक्टरांनी फाइलला लावली. वॉरफेरिन किंवा तसली दुसरी औषधं घेणाऱ्यांचे दिवस वेगळे असतात, रक्ताची तपासणीही वेगळी असते. शेजाऱ्याने किती दिवस बंद केली होती हे विचारून उपयोग नाही.

आणि सांगताना नुसती गोळ्यांचीच यादी देऊ नका. काढे, लसणाच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, गुडघेदुखीची गोळी, सगळं सांगा. गुडघ्याची गोळी आपल्याला औषध वाटतच नाही, आणि तीही रक्त गोठण्यात अडथळा आणू शकते.

४. मेडिकलवाल्याकडून घेतलेली अँटिबायोटिक लपवू नका.

दाणे बसवायची सुई बऱ्याच ठिकाणी गुदाशयातून जाते. तिथे जंतू असणारच, म्हणून आधी अँटिबायोटिक देतात. मला विचारलं, मागच्या काही महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलंय का? घेतलं होतं. लघवीला जळजळ होत होती म्हणून मेडिकलमधून पाच दिवसांचा कोर्स आणला होता, डॉक्टरांना न विचारता. मला वाटलं रागावतील. रागावले नाहीत. त्यांनी लघवीचं कल्चर केलं आणि शौचाच्या जागेतला स्वॅब घेतला. सारखं एकच औषध घेतलेल्या माणसाच्या पोटातले जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत, आणि मग तेच औषध देऊन प्रोसिजर केली तर रक्तात जंतुसंसर्ग होण्याची भीती. माझ्या रिपोर्टमध्ये नेमकं ते निघालं. नेहमीची गोळी न देता दुसरं इंजेक्शन दिलं. मी गप्प बसलो असतो तर काय झालं असतं याचा विचार नको वाटतो.

काही रुग्णालयांत सुई गुदाशयातून न घालता वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या कातडीतून घालतात. त्यात संसर्गाची भीती कमी असते. तुमच्याकडे कोणती पद्धत आहे, विचारा. विचारलं म्हणून कुणी वाईट मानत नाही.

५. उपाशी राहायचं की खायचं, हे एका वाक्यात विचारून घ्या.

दुसऱ्या खेपेचा दिवस श्रावणी सोमवार होता. मी उपास धरला, वर ऑपरेशन म्हटलं की पोट रिकामंच असणार असं गृहीत धरलं. शुगरची गोळी मात्र घेतली. साडेआठला हातपाय थरथरायला लागले. सिस्टरनी शुगर बघितली, ६४. साखरेचं पाणी पाजलं, मग बिस्किटं खायला लावली. माझी प्रोसिजर फक्त जागा बधिर करून करणार होते, हलका नाश्ता चालला असता. जिथे गुंगी देतात किंवा कमरेत इंजेक्शन देतात तिथे उपाशीच राहावं लागतं, आणि मग शुगरची गोळी घ्यायची की नाही हे भूलतज्ज्ञ सांगतात. दोन प्रश्न आहेत: काही खायचं का, आणि सकाळच्या कोणत्या गोळ्या घ्यायच्या. दोन्ही आदल्या दिवशी विचारा.

६. एनिमाची लाज घरातच संपवा.

सूचनांचा कागद इंग्रजीत होता. दोन पानं, बारीक टाइप. सातारा, सोलापूर, बीडहून येणाऱ्या सत्तरीच्या माणसांच्या हातात इंग्रजी कागद देणं चूक आहे, आणि हे मी त्या रुग्णालयाच्या तक्रारवहीत लिहून आलो.

कागद सुनेनेच वाचला, कारण मुलगा कामावर होता. मध्येच थांबली आणि म्हणाली, “आप्पा, एनिमा घ्यायचा आहे. आदल्या रात्री एक आणि सकाळी एक.” आमच्या घरात सासऱ्यासमोर सून पदर सावरून बसते असं नाही, तरी या विषयावर आम्ही दोघं कधी बोललो नव्हतो. मी पेपर वाचायला घेतला. ती उठली, मेडिकलमधून बाटल्या आणल्या, आतलं पत्रक वाचलं आणि वहीचा कागद फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलं: डाव्या कुशीवर. गुडघे पोटाशी. टोपण काढायला विसरू नका. बाटली हळू दाबा. पाच मिनिटं धरा. घाई करू नका. तो कागद तिने न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवला आणि हिला घेऊन देवळात निघून गेली. घर मोकळं करून दिलं. तो कागद मी अजून फाइलमध्ये ठेवला आहे.

दोन गोष्टी त्यात भर घालतो. बाटली घटकाभर कोमट पाण्यात ठेवली तर पोटात कळ कमी येते. आणि किडनीचा त्रास असेल तर हा एनिमा चालतो का ते विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यातलं फॉस्फेट किडनीला झेपेलच असं नाही.

७. टेबलावर काय होतं.

फार नाही. डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे छातीकडे. जेली लावून सोनोग्राफीची नळी आत घालतात. सगळ्यात अवघड क्षण तोच, आणि तोही दुखण्यापेक्षा अवघडल्यासारखा. श्वास सोडत राहायचा, अंग आवळायचं नाही. मग बधिर करायचं इंजेक्शन, दोन टोचण्या.

बायोप्सी झालेल्या माणसाच्या कानात तो आवाज बसलेला असतो, स्टेपलरसारखा खट्ट, बारा वेळा. मी त्या आवाजाची वाट बघत अंग चोरून पडलो होतो. तो आलाच नाही. इथे बंदूक नसते. पोकळ सुईत दाणा आधीच भरलेला असतो, सुई जागेवर नेतात आणि मागून काडीने दाणा हळूच ढकलतात. ओटीपोटात खोल कुठेतरी दाब कळतो. डॉक्टर म्हणाले, “एक झाला.” मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. तिसरा झाला तेव्हा सुरुवातीपासून अकरा मिनिटं झाली होती.

८. घरी आल्यावर लघवीकडे बघा, आणि थर्मामीटर उशाशी ठेवा.

पहिली लघवी कोकम सरबताच्या रंगाची झाली. मला आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. पाणी भरपूर प्यायलो, तिसऱ्या दिवशी स्वच्छ. शौचाला थोडं रक्त एकदा दिसलं. वीर्यात तांबूस-तपकिरी रंग काही आठवडे दिसू शकतो, हे डॉक्टर आपणहून सांगतीलच असं नाही आणि आपण विचारत नाही, म्हणून इथे लिहितो. त्याने बायकोला काही अपाय नाही.

रात्र असो की पहाट, लगेच निघायचं ते या चार गोष्टींसाठी: थंडी वाजून ताप, लघवी पूर्ण अडकणं, लघवीत रक्ताच्या गुठळ्या, किंवा थांबतच नाही असं रक्त. तापाला घरची गोळी घेऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. आम्ही निघण्यापूर्वी रात्रीचा फोन नंबर मागून घेतला आणि मुलाच्या, सुनेच्या, हिच्या, तिघांच्याही मोबाइलमध्ये घातला. माझ्या वयाचे लोक नंबर कागदावर लिहितात आणि कागद शर्टाबरोबर धुतला जातो.

मोटारसायकल आठ दिवस बंद, जड उचलणं बंद. गावाकडे गेलो असतो तर हे पाळणं झालं नसतं. म्हणून पुण्यात हडपसरला मुलाकडेच राहिलो.

९. मधले दिवस वाया जात नाहीत.

प्रोसिजरनंतर प्लॅनिंगचा सीटी लगेच करत नाहीत. माझा दहा दिवसांनी केला. सुईने गाठीला सूज येते, ती उतरावी लागते आणि दाणे आपापल्या जागी बसावे लागतात. ओल्या मातीत पुरलेला दगड त्याच दिवशी मोजणीला धरत नाहीत, तसंच. आधीच रोग अंगात आहे आणि हे लोक दिवस का घालवतात, असं मुलाला वाटायचं. हॉर्मोनचं इंजेक्शन तेवढे दिवस आपलं काम करत असतं, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा तो शांत झाला.

त्या दिवसांत मी सराव केला. रेडिएशनच्या वेळी पोट साफ आणि लघवीची पिशवी भरलेली लागते, आणि ती रोज साधारण सारखीच भरलेली हवी. भरलेली पिशवी किरणांच्या वाटेतून वर उचलली जाते आणि आतडीही लांब राहतात. आधी लघवी करून यायची, मग मोजून पाणी प्यायचं आणि ठरलेला वेळ थांबायचं. माझं माप ५०० मिली आणि पाऊण तास असं बसलं. प्रोस्टेटवाल्याला पाऊण तास लघवी धरणं सोपं नसतं. रोज घरी घड्याळ लावून बसायचो. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत उठलो, आठव्या दिवशी पाऊण तास निघाला.

जेवणात गॅस करणारं बंद केलं. हरभरा, वाटाणा, कोबी. आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा देशभर जातो, माझ्या ताटात लहानपणापासून आहे, तो दोन महिने बंद ठेवला. गुदाशयात गॅस साठला की गाठ पुढे ढकलली जाते आणि मग खुणा असूनही टेबलावरून उठवून परत पाठवतात. माझ्यावर वीस दिवसांत दोनदा ती वेळ आली.

१०. पैशाचं आधी विचारा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, पण हे दाणे आणि ते बसवायचा खर्च त्यात धरला आहे की वेगळा, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख घ्यायच्या आधी विचारा. विमा असेल तर विमावाल्यालाही. दिवसभरात घरी सोडतात म्हणून विमा नाकारला जाऊ शकतो, तेव्हा लेखी मंजुरी हातात घ्या.

परवा वाईजवळच्या एका गावातून एकजण आले होते. मुलीचं लग्न तोंडावर, आणि पुढच्या मंगळवारी त्यांना दाणे बसवायचे आहेत. बरोबर भाऊ होता. चहा झाल्यावर ते फाइल उघडायला लागले. मी म्हटलं, फाइल राहू द्या, गोळ्या आणल्यात का? त्यांनी दप्तराच्या कापडी पिशवीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि कॉटवर रिकामी केली. नऊ पाकिटं. मी चष्मा लावला आणि आम्ही तिघांनी एकेक पाकीट उलटं करायला सुरुवात केली.